भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर गळ्यात मारला जाणारा विमा : तुमचे अनुभव सांगा

मेहरुणकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. लेकीकडे डॅलसला दोन महिने राहून मागच्या पंधरवड्यात घरी आलो. नातीसोबत दिवस छान गेले. पण एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

जावईबापूंना सुट्टी नव्हती. म्हणून मी आणि सौ. अशा दोघांनीच ऑस्टिन, सॅन अँटोनियो, ह्यूस्टन असे 9 दिवस फिरायचे ठरवले. गाडी जळगावात असतानाच एका बुकिंग साइटवरून ठरवली होती. भाडे 412 डॉलर. त्याच साइटवर गाडीच्या नुकसानीचे संरक्षण म्हणून दिवसाला 11 प्रमाणे 99 डॉलर वेगळे भरले होते. म्हणजे माझ्या हिशेबाने विम्याचा विषय घरीच संपला होता.

विमानतळावरच्या काउंटरवर एक तरुण मुलगी होती. बोलायला गोड. कुठे जाणार, किती दिवस, सोबत कोण, सगळे विचारले. मग म्हणाली, "फुल कव्हरेज, राइट?" मी मोबाइलमधला 99 डॉलरचा कागद दाखवला. तिचा चेहरा बदलला. "हे आमचे नाही. गाडीला काही झाले तर आम्ही तुमच्याकडूनच वसूल करणार. आणि टेक्सासमध्ये विम्याशिवाय गाडी चालवता येत नाही." मागे पंधरा-वीस माणसांची रांग. सौ. म्हणाली, घेऊन टाका, परक्या देशात नसती आफत नको. टॅबलेटवर चार ठिकाणी बोटाने आद्याक्षरे करायला लावली, ती केली.

गाडी परत दिली तेव्हा बिल 1,006 डॉलर. फोड अशी: गाडीच्या नुकसानीचा वेव्हर रोज 32, लायबिलिटी रोज 18, आमच्या अपघाताचे आणि सामानाचे रोज 7, रस्त्यावरची मदत रोज 9. एकूण रोज 66, नऊ दिवसांचे 594. आपल्याकडचे पन्नास हजार झाले. भाड्यापेक्षा विमा जास्त!

मी ठिबकच्या धंद्यात तीस वर्षे आहे. गिऱ्हाइकाला नको ती वस्तू दिली तर ते पुढच्या हंगामात दुकानाची पायरी चढत नाही, हे मला माहीत आहे. तिथे पुढचा हंगामच नसतो, म्हणून हे चालते का? यातले नेमके काय गरजेचे होते आणि काय नव्हते, हे मला समजून घ्यायचे आहे. डिसेंबरात अमेरिकेत परत जायचे आहे, तेव्हा पुन्हा असे व्हायला नको.

भुसावळ_जंक्शन

आप्पा, वाईट वाटले वाचून. सही झाली म्हणजे पैसे परत मिळणे अवघड, पण कंपनीला मेल जरूर करा. 99 डॉलरचे संरक्षण आधीच होते हे तुम्ही काउंटरवर दाखवले होते, ते त्यात लिहा.

धुळेकर_आग्रारोड

आप्पा, मी ओहायोत सहा वर्षे होतो. दर महिन्याला कामासाठी भाड्याची गाडी घ्यावी लागे, त्यामुळे हे काउंटर मला पाठ आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण "सगळ्याला नाही म्हणा" असा सल्ला इथे कुणी तरी देणार, आणि तो आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी धोक्याचा आहे.

"फुल कव्हरेज" नावाची एक वस्तू नसतेच. त्या चार वेगळ्या वस्तू असतात आणि प्रत्येकीचे उत्तर वेगळे.

पहिली, वेव्हर. त्याला सीडीडब्ल्यू किंवा एलडीडब्ल्यू म्हणतात. कायद्याच्या भाषेत हा विमासुद्धा नाही. गाडीला काही झाले, गाडी चोरीला गेली, तर आम्ही तुमच्याकडे मागणार नाही, असे कंपनीने दिलेले वचन आहे. तुम्ही 99 डॉलरला घेतले होते ते संरक्षण याच जोखमीसाठी होते, म्हणून इथे तुम्ही एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरलेत. मात्र "हे आमचे नाही" हे तिचे म्हणणे अर्धे खरे होते. बाहेरून घेतलेल्या संरक्षणात आधी कंपनी तुमच्या कार्डावरून पैसे कापते, मग तुम्ही बिले, फोटो, करार जोडून त्या तिसऱ्या कंपनीकडे मागायचे. पैसे मिळतात, पण आधी खिशातून जातात. तुमच्या कार्डाची तेवढी मर्यादा नसेल तर अडचण होते. हे घरी बसून ठरवायचे, काउंटरवर नाही.

दुसरी, लायबिलिटी. तुमच्या हातून दुसऱ्याला इजा झाली, दुसऱ्याची गाडी फुटली, तर त्याची भरपाई. आप्पा, तुमच्या 594 पैकी हे 162 डॉलर वाया गेले असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी असते, तिच्या पॉलिसीचे संरक्षण बहुतेक वेळा भाड्याच्या गाडीलाही लागू होते. म्हणून तिथले लोक काउंटरवर बिनधास्त "नो" म्हणतात. ते पाहून आपले लोकही म्हणतात. पण आपल्या मागे अशी पॉलिसी नसते! टेक्सासच्या कायद्यातली किमान रक्कम एका माणसाच्या इजेसाठी 30 हजार डॉलर, एका अपघातासाठी 60 हजार आणि मालमत्तेसाठी 25 हजार. तिथल्या दवाखान्यात हाड मोडलेल्या माणसाचे शस्त्रक्रियेसह बिल 30 हजारांच्या वर सहज जाते. वरचे पैसे चालवणाऱ्याकडे मागतात. आणि 2005 साली तिथे ग्रेव्हज अमेंडमेंट नावाचा केंद्रीय कायदा झाला, त्यामुळे कंपनीची स्वतःची चूक नसेल तर केवळ गाडीची मालक आहे म्हणून तिच्यावर दावा लावता येत नाही. म्हणजे उरतो तो स्टिअरिंगवर बसलेला.

तिसरी, तुमच्या अंगाचे आणि सामानाचे. तुम्ही प्रवासी वैद्यकीय विमा काढूनच गेला असणार. मग हे 63 डॉलर सरळ वाया. चौथी, रस्त्यावरची मदत. चावी गाडीत अडकली, टायर बसला, पेट्रोल संपले, यासाठी. इंजिन कंपनीच्या दोषाने बंद पडले तर ती मदत एरवीही देते. मी हे कधीच घेतले नाही.

एक युक्ती पुढच्या वेळेसाठी. बुकिंग करताना "राहण्याचा देश" विचारतात, तिथे भारत निवडा. परदेशी पाहुण्यांसाठी वेव्हर आणि लायबिलिटी भाड्यातच धरलेला दर अनेकदा मिळतो. जावयाने त्यांच्या पत्त्यावर बुकिंग करून दिले तर तो दर दिसत नाही. आणि तसे बुकिंग असेल तर त्याच्या कागदावर "इन्क्लूडेड" खाली काय लिहिले आहे ते छापून खिशात ठेवा.

मेहरुणकाठ (जळगाव)

धुळेकर भाऊ, मन भरून आले. दोन महिन्यांत हे मला कुणी असे सांगितले नाही. जावयाने तर "लायबिलिटी कशाला घेतली" असेच म्हटले होते. त्याची स्वतःची पॉलिसी आहे म्हणून त्याला ती लागत नाही, हे आता कळले.

बोरीकाठ (अमळनेर)

मी थोडी उलट बाजू मांडते. गेल्या मे महिन्यात आम्ही कोलोरॅडोत होतो. मी हट्टाने काउंटरचाच वेव्हर घेतला, नवरा नको म्हणत होता. चौथ्या दिवशी डेन्व्हरजवळ गारपीट झाली. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात गहू, हरभरा झोपवते तशी. लिंबाएवढ्या गारा. गाडीच्या टपावर, बॉनेटवर इतके पोचे, की मोजायची सोय नाही. परत देताना माझ्या पोटात गोळा आला होता. तिथल्या माणसाने करार पाहिला, वेव्हर आहे म्हणाला, एक फॉर्म भरून घेतला आणि आम्ही विमानाकडे निघालो. बाहेरचे संरक्षण असते तर भारतात येऊन महिनोन्महिने कागद पाठवत बसले असते. आईच्या आजारपणामुळे मला ते झेपलेच नसते.

म्हणून माझे म्हणणे, की काउंटरचा वेव्हर महाग असतो, पण निरुपयोगी नसतो. आग्रह करून विकणे चुकीचे. ते घेणाऱ्याला मात्र कुणी मूर्ख म्हणू नये.

धुळेकर_आग्रारोड

ताई, अगदी मान्य. ज्याला परत येऊन पाठपुरावा जमणार नाही, त्याने काउंटरचा घ्यावा. फक्त मग बाहेरचे 99 डॉलर भरू नयेत.

केळीची_वाडी (रावेर)

माझा मुलगा जर्मनीत स्टुटगार्टजवळ असतो. तिथला प्रकार निराळा, म्हणून लिहितो.

युरोपात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्यानेच सक्तीचा, तो भाड्यात असतोच. त्यामुळे तिथे भांडण लायबिलिटीचे नसते, "एक्सेस"चे असते. एक्सेस म्हणजे नुकसानीतला तुमच्या वाट्याचा पहिला भाग. आमच्या करारात तो 1,200 युरो होता. काउंटरवरचा माणूस म्हणाला, दिवसाला 24 युरो द्या, एक्सेस शून्य करतो. मुलाने घेतले. पाचव्या दिवशी फुटपाथच्या कडेला चाक घासले. टायर फाटला, रिमही गेली. परत देताना 310 युरो कापले! का, तर टायर, काच, टप आणि गाडीचा खालचा भाग त्या "शून्य"मध्ये नाही. त्यासाठी आणखी एक वेगळे पॅकेज होते.

मी मुलाला एकच विचारले, बाळा, करार वाचला होता का? आम्ही रावेर-यावलचे शेतकरी हवामानावर आधारित फळपीक विम्यात वर्षानुवर्षे हेच शिकलो. केळी आडवी पडलेली डोळ्यांना दिसते, पण पैसे बागेकडे पाहून ठरत नाहीत. पारा किती दिवस किती खाली गेला, वारा किती वेगाने वाहिला आणि ते हवामान केंद्राच्या नोंदीत आले का, त्यावर ठरतात. आपल्या बागेतली थंडी केंद्राच्या यंत्रात नसेल तर ती थंडी पडलीच नाही. म्हणून आमच्याकडचा म्हातारा शेतकरीसुद्धा हप्ता भरताना आधी विचारतो, "यात काय धरलं नाही?" काउंटरवर हाच प्रश्न विचारायचा. काय मिळते ते तो न विचारताही सांगतो.

आइसलँडला जाणाऱ्यांसाठी मुलाने आणखी सांगितले. तिथे खडीचे, वाळूचे आणि राखेचे संरक्षण वेगळे विकतात. ऐकायला फसवणूक वाटते, पण तिथे खडीचे रस्ते खरोखर आहेत आणि दक्षिणेकडच्या वाळूच्या वादळात गाडीचा रंग निघतो. कुठल्या रस्त्याने जाणार ते बघून ठरवा.

मिरचीपथारी (नंदुरबार)

आप्पा, तुमना राग बराबर शे. मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मी दुबईत तीन वर्षे अशाच काउंटरच्या मागे उभा होतो.

आम्हाला पगार कमी होता. खरी कमाई जोड-विक्रीच्या टक्क्यावर. रोज सकाळी बैठक व्हायची, काल कुणी किती गाड्यांवर पूर्ण संरक्षण लावले त्याची यादी भिंतीवर. सलग दोन आठवडे खाली राहिलो तर विमानतळावरून काढून शहरातल्या छोट्या शाखेत टाकायचे. त्या मुलीच्या डोक्यावरही असेच काही असेल, हे मी तिची बाजू घेण्यासाठी नाही, तुम्हाला यंत्र कळावे म्हणून सांगतो.

आम्हाला शिकवले जायचे, की "हवे का" असे विचारू नका, "नेहमीचे पूर्ण संरक्षण लावतो" असे म्हणा. म्हणजे गिऱ्हाइकाला "नाही" म्हणण्यासाठी थांबवावे लागते. आधी सोबत कोण आहे ते विचारायचे. लहान मुले, वयस्कर माणसे असतील तर बोलणे तिकडे वळवायचे. तरी नाही म्हटले तर हातातली चावी पुन्हा खाली ठेवायची आणि डिपॉझिटचा आकडा सांगायचा. "विमा नाही, तर कार्डावर एवढे अडकवावे लागतील." बरेच लोक इथे मोडायचे. डिपॉझिट परत येते, विम्याचे पैसे येत नाहीत, हे त्या घाईत कुणाला सुचत नाही. रात्रीच्या विमानाने आलेली कुटुंबे सगळ्यात लवकर हो म्हणायची. मला त्याचे आजही वाईट वाटते.

माझे काही चालायचे नाही ते कुणापुढे, तेही सांगतो. एक माणूस यायचा, छापलेला कागद काउंटरवर ठेवायचा, बोट ठेवून म्हणायचा, "हे यात आहे, हे मला नको, एकूण रक्कम दाखवा." आवाज चढवायचा नाही. अशा माणसाला मी दुसऱ्यांदा विचारतही नसे, कारण मागे रांग असते आणि आम्हालाही वेळ मोजावा लागतो. आप्पा, ज्या रांगेची तुम्हाला लाज वाटली ती रांग खरे तर तुमच्या बाजूची असते.

टॅबलेटवर सहीआधी "एस्टिमेटेड टोटल" नावाची ओळ असते. ती बुकिंगच्या आकड्याशी जुळवा. जुळत नसेल तर बोट लावू नका.

दुबईबद्दल एक. तिथे छोटा ओरखडा गेला तरी पोलिसांचा अहवाल लागतो. त्याशिवाय गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही आणि कसलाही विमा चालत नाही. पूर्ण संरक्षण घेतलेली कितीतरी माणसे अहवाल नसल्यामुळे पूर्ण पैसे भरून गेलेली मी पाहिली.

मेहरुणकाठ (जळगाव)

भाऊ, तुमची पोस्ट सौ.ला वाचून दाखवली. चावी खाली ठेवली होती, अगदी तशीच. तुम्ही हे मोकळेपणाने लिहिले याबद्दल आभार मानतो.

भुसावळ_जंक्शन

आपल्याकडचेही लिहायला हवे, कारण आता इथली पोरे पुण्याहून स्वतः चालवायची गाडी घेऊन कोकणात जातात. माझ्या भाच्याने दिवाळीत घेतली. अ‍ॅपवर भाडे दिसले 5,400, पैसे भरताना 6,900. मधे "ट्रिप प्रोटेक्शन" आधीच टिक करून ठेवलेले. काढायला गेला तर दोन वेळा विचारले, नक्की असुरक्षित प्रवास करायचा आहे का?

यावर आपल्याकडे नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे स्क्रीनवरच्या मांडणीतून गिऱ्हाइकाला फसवण्याविरोधी, मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात असे 13 प्रकार दिले आहेत. न विचारता टोपलीत वस्तू टाकणे हा त्यातला एक. लाज वाटेल असे शब्द वापरून होकार घेणे हा दुसरा, आणि त्याचे उदाहरण म्हणून विमानाच्या तिकिटासोबत विमा नाकारणाऱ्याला "मी असुरक्षित राहीन" असे निवडायला लावण्याचाच दाखला दिला आहे. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. भाच्याने केली, आठवड्यात 1,500 परत आले.

आणि विमा घ्यायचा की नाही त्याच्याही आधी नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायच्या परवानाधारक भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असतात. ओळखीतला कुणी पांढऱ्या पाटीची घरची गाडी दिवसाच्या भाड्याने देत असेल तर त्या गाडीची खासगी पॉलिसी भाड्याच्या वापराला चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच हात वर करते. मग वरून कितीही "प्रोटेक्शन" घेतलेले असो.

बोरीकाठ (अमळनेर)

हे माहीत नव्हते. आमच्या गल्लीत दोन गाड्या अशाच फिरतात. नवी गाडी घेतानाही शोरूमवाला "विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर डिलिव्हरी उशिरा" म्हणतो, तेही असेच का?

भुसावळ_जंक्शन

हो ताई. डीलरने विमा विकण्याचे नियम 2017 साली विमा नियामकाने घालून दिले, 1 नोव्हेंबरपासून लागू. विमा कुठून घ्यायचा ते गिऱ्हाइकाने ठरवायचे, सक्ती करता येत नाही. थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतोच, पण तो त्याच शोरूममधून घेतला पाहिजे असे कायदा कुठेही म्हणत नाही. बाहेरून दर मागवा आणि तो कागद घेऊन जा, बहुतेक शोरूम लगेच दर कमी करतात.

मेहरुणकाठ (जळगाव)

मंडळी, दीड महिन्याने परत लिहितोय, कारण इथे विचारले की पुढे काय झाले ते सांगायला हवे.

कंपनीला मेल केली. पहिले उत्तर आले, की तुमची सही आहे. मी पुन्हा लिहिले, की मी दाखवलेला कागद पाहूनही त्याच जोखमीचे संरक्षण मला दुसऱ्यांदा विकले आणि टेक्सासच्या कायद्याचे कारण वेव्हरसाठी वापरले, जो त्या कायद्यात येतच नाही. हे वाक्य धुळेकर भाऊंच्या पोस्टमुळे सुचले. तिसऱ्या मेलनंतर अंगाचे-सामानाचे 63 आणि रस्त्यावरच्या मदतीचे 81 असे 144 डॉलर परत आले. वेव्हरचे 288 दिले नाहीत. लायबिलिटीचे मी मागितलेच नाहीत. बुकिंग साइटनेही 99 परत केले नाहीत, कारण मुदत संपून गेली होती.

डिसेंबरचे बुकिंग केले आहे. देश भारत निवडला. 8 दिवसांचे भाडे 520 डॉलर दिसते, त्यात वेव्हर आणि लायबिलिटी दोन्ही आहेत. जावयाने त्यांच्या पत्त्यावरून पाहिले तर 365 दिसले, पण त्यात दोन्ही नाहीत. छापील कागद पासपोर्टच्या पिशवीत ठेवला आहे. एका पानावर सौ.ने मोठ्या अक्षरात "यात काय धरले नाही?" असे लिहून ठेवले आहे. रावेरकर दादा, हे तुमचे.

केळीची_वाडी (रावेर)

आप्पा, चावी हातात आली की निघण्याआधी गाडीभोवती मोबाइल फिरवून व्हिडिओ घ्या. चारही चाकांच्या रिमा, समोरची काच, टप, पेट्रोलचा काटा. परत देतानाही तसाच. आमचे 310 युरो गेले, पण दुसऱ्या दाराच्या जुन्या पोच्याचे पैसे लावत होते, ते व्हिडिओमुळे वाचले.

तापीची_पोर (शिरपूर)

सगळा धागा वाचला, खूप कामाचा आहे. एक साधा प्रश्न, मला मार्चमध्ये जायचे आहे. आंतरराष्ट्रीय परवाना धुळ्यालाच मिळतो की मुंबईला जावे लागते?

मेहरुणकाठ (जळगाव)

मुंबईला जायचे काम नाही ताई. आपला परवाना ज्या आरटीओच्या हद्दीत आहे तिथेच. मी जळगावच्या आरटीओतून काढला. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी 1,000 रुपये, सोबत पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत. एक वर्ष चालतो, म्हणून फार आधी काढू नका. आणि मूळ परवाना बरोबर न्यायला विसरू नका, काउंटरवर दोन्ही मागतात.